त्वचा व मृदू ऊतींचा जंतुसंसर्ग : निदान, उपचार आणि वेळेचे मोल

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, नवी उपकरणे आणि वर्षभरात झालेले काम यांची माहिती देणे हे तर आमचे कर्तव्यच आहे. त्याबरोबरच, ज्या रोगांशी आमचा नित्य सामना असतो त्यांपैकी एखाद्या रोगाचे स्वरूप देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांना सोप्या शब्दांत समजावून सांगणे हेही आम्ही अहवालाचे एक अंग मानतो. या वेळी आम्ही त्वचेचा आणि त्वचेखालील मृदू ऊतींचा जंतुसंसर्ग हा विषय निवडला आहे.

हृदयाच्या किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेला जे वलय असते ते गळवाला नाही. केसतूड, करट, नखुरडे, चिघळलेली जखम, सुजलेला लाल पाय या गोष्टी घराघरांत ठाऊक असल्यामुळे त्यांचे गांभीर्यही वाटेनासे होते. यातील बहुतेक विकार साध्या उपचारांनी बरे होतात हे खरेच आहे. परंतु त्यांतले काही थोडे असे असतात की, ते चोवीस तासांत अवयवावर आणि अठ्ठेचाळीस तासांत जिवावर बेततात. कोणता संसर्ग साधा आणि कोणता घातक, हे वेळेवर ओळखणे हाच या विषयाचा गाभा आहे. त्यासाठी महागड्या यंत्रांपेक्षा डोळस तपासणीची आणि रुग्ण लवकर येण्याची गरज अधिक असते, हे या लेखात आम्हाला मुख्यत्वे सांगायचे आहे.

संसर्ग होतो कसा ?

प्रौढ माणसाची त्वचा पसरली तर सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरेल. शरीराचे हे सर्वांत मोठे संरक्षक आवरण होय. त्याच्या वरच्या थराला बाह्यत्वचा म्हणतात. तिच्याखाली अंतस्त्वचा, त्याखाली चरबीचा थर, त्याखाली स्नायूंना वेढणारे पांढरे चिवट वेष्टन आणि सर्वांत खाली स्नायू असतात. संसर्ग यांपैकी कोणत्या थरात आहे यावर त्याचे स्वरूप आणि धोका अवलंबून असतो. वरच्या थरातील संसर्ग पुळ्या आणि खपल्यांच्या रूपाने दिसतो, तर मधल्या थरात तो लाली व सूज उत्पन्न करतो. खालच्या वेष्टनाच्या कडेने पसरणारा संसर्ग मात्र आरंभी वरून फारसा दिसतच नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत भयंकर ठरतो.

त्वचा अखंड असेपर्यंत जंतूंना सहसा आत शिरता येत नाही. त्यांना एखादी फट लागते. पावसाळ्यात भातलावणी करताना दिवसभर चिखलात राहिल्याने बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, टाचांच्या भेगा, ऊसतोडणीत लागलेला कोयता, पायात मोडलेला काटा, खाजवून सोललेले इसब, खरूज, चपलेने पडलेला फोड या सर्व त्या फटीच आहेत. मोठ्या सुजेचा रुग्ण आला की आम्ही प्रथम त्याच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या उघडून पाहतो, ते याच कारणाने. सूज पोटरीवर असते, पण तिचे मूळ पुष्कळदा बेचकीतल्या चिखलीत सापडते.

दोन प्रमुख जंतू

या संसर्गांस बहुतांशी दोन जंतू कारण असतात. १८८० साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घोसासारखे गोळा झालेले गोल जंतू दिसले. त्यांना त्यांनी स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. यातील सोनेरी वसाहती करणारी जात, म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस, ही गळू, केसतूड व काळपुळी यांचे प्रमुख कारण आहे. सुमारे तीन माणसांपैकी एकाच्या नाकात हा जंतू काहीही त्रास न देता वास करून असतो.

दुसरा जंतू स्ट्रेप्टोकोकस. हा माळेतल्या मण्यांसारखा ओळीने दिसतो. स्टॅफिलोकोकस एका जागी तळ ठोकून पू करतो, तर स्ट्रेप्टोकोकस पू न करता ऊतींमधून वेगाने पसरत जातो. मराठीत ज्याला धावरे म्हणतात आणि आयुर्वेदात ज्याचे विसर्प हे नाव आहे, तो बहुधा याच जंतूचा पराक्रम होय. 'धावणे' आणि 'सर्पासारखे पसरणे' या दोन्ही कल्पना रोगाचे लक्षण किती अचूक टिपतात, हे पाहण्यासारखे आहे.

निदानाचे दोन प्रश्न

असा रुग्ण आल्यावर डॉक्टर मनाशी दोन प्रश्न विचारतात. पहिला, पू झाला आहे काय ? दुसरा, संसर्ग किती खोल आहे व किती वेगाने पसरत आहे ? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून उपचारांची दिशा ठरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हाताच्या बोटांनीच मिळते. पू जमलेल्या जागी दोन बोटांनी आळीपाळीने दाबले असता आत द्रव हेलकावतो. शंका असल्यास सोनोग्राफीने निश्चिती होते. ही समस्या शल्यशास्त्राइतकीच जुनी आहे. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून, कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली सूज तशीच सोडणारा अशा दोन्ही वैद्यांना दोष दिला आहे. आजच्या शल्यचिकित्सकालाही हाच विवेक बाळगावा लागतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी ताप, नाडीचा व श्वासाचा वेग, रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि रुग्णाचे भान पाहिले जाते. लालीच्या कडेवर पेनाने रेघ ओढून तिच्याजवळ वेळ लिहिणे ही अत्यंत साधी पण मोलाची पद्धत आहे. काही तासांनी लाली रेघेच्या किती पुढे गेली, हे परिचारिका व नातेवाईक यांनाही सहज कळते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औषध सुरू झाल्यावर पहिल्या चोवीस तासांत लाली थोडी वाढू शकते, तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढू नये. ताप, वेदना व एकूण प्रकृती यांकडेही पाहावे लागते.

पू झाला असेल तर

पुवाचा उपचार म्हणजे निचरा. गळवाच्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तोंडाने किंवा शिरेतून दिलेले औषध तेथे पुरेशा प्रमाणात पोचत नाही. जागा बधिर करून योग्य लांबीचा छेद घ्यावा, आतील पडदे बोटाने वा उपकरणाने मोडून सर्व पू काढावा आणि जखम तळापासून भरून येऊ द्यावी, हा शल्यशास्त्राचा नियम आहे. छेद फार लहान ठेवला तर वरचे तोंड मिटते व आत पुन्हा पू साठतो. 'औषधाने गळू जिरवून द्या' असा आग्रह पुष्कळ रुग्ण धरतात, पण झालेला पू औषधाने क्वचितच जिरतो. त्या प्रतीक्षेत पोकळी मात्र मोठी होत जाते.

निचऱ्यानंतर प्रतिजैविक द्यावे की नाही, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. अमेरिकेत बाराशेहून अधिक रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सांगितल्याप्रमाणे उपचार पुरे केलेल्यांपैकी, केवळ निचरा झालेले सुमारे ८६ टक्के रुग्ण बरे झाले, तर निचऱ्याबरोबर को-ट्रायमोक्सझोल घेतलेले सुमारे ९३ टक्के बरे झाले. यातून दोन गोष्टी दिसतात. बरे होण्यातील सिंहाचा वाटा निचऱ्याचा आहे, आणि औषधाने त्यात थोडी भर पडते. म्हणून लहान गळवासाठी औषध द्यावयाचे की नाही हे रुग्ण पाहून ठरवावे. ताप, भोवताली पसरलेली लाली, मधुमेह, क्षीण प्रतिकारशक्ती, किंवा चेहरा, हात व जननेंद्रिय यांवरील गळू असल्यास ते द्यावे.

मानेच्या मागे किंवा पाठीवर अनेक तोंडांनी फुटणाऱ्या गळवास काळपुळी म्हणतात. ती दिसताच आम्ही रक्तातील साखर तपासतो. आपल्याला मधुमेह आहे हे कित्येकांना काळपुळीमुळेच प्रथम कळते. नाकावरील किंवा वरच्या ओठावरील फोड मात्र कधीही पिळू नये. तेथील शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी असल्याने संसर्ग आत जाण्याची भीती असते. जे गळू आठवडे लोटले तरी गरम होत नाही, दुखत नाही व भरतही नाही, ते क्षयरोगाचे असू शकते. म्हणून अशा वेळी पुवाची क्षयाच्या जंतूंसाठी वेगळी तपासणी करणे अगत्याचे ठरते.

पू नसेल तर

पू न होता त्वचा लाल, गरम, सुजलेली व दुखरी होते तेव्हा त्यास सेल्युलायटिस म्हणतात. कडा ठळक व उंचावलेली असून संसर्ग वरच्या थरात असेल तर ते धावरे. दोन्ही बहुधा एकाच पायावर होतात. पुष्कळदा थंडी वाजून ताप आधी येतो आणि लाली काही तासांनी दिसते. येथे कापण्यासारखे काही नसते. जंतूविरुद्ध योग्य औषध, संपूर्ण विश्रांती आणि पाय उशांवर उंच ठेवणे हा उपचार होय. पाय उंच ठेवण्यास लोक गौण समजतात, परंतु सूज ओसरल्याखेरीज औषध नीट पोचत नाही आणि वेदनाही कमी होत नाहीत. सौम्य प्रकारात सुधारणा होत असल्यास पाच दिवसांचे औषध पुरते. रक्तात जंतू वाढवून पाहण्याची तपासणी साध्या सेल्युलायटिसमध्ये शंभरांतील जेमतेम पाच रुग्णांत उपयोगी पडते, म्हणून ती सरसकट न करता गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवावी.

प्रत्येक लाल पाय हा जंतुसंसर्ग नसतो, हेही तितकेच महत्त्वाचे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, सेल्युलायटिस म्हणून दाखल झालेल्या २५९ रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांना प्रत्यक्षात दुसराच विकार असल्याचे आढळले. दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर शिरांच्या विकारामुळे झालेल्या इसबाची शक्यता अधिक असते. पोटरी घट्ट व सुजलेली असेल तर खोल शिरेत रक्ताची गुठळी आहे काय, हे डॉप्लर तपासणीने पाहावे लागते. संधिवाताचा झटका, कीटकदंश, एखाद्या लेपाची किंवा तेलाची ॲलर्जी यांनीही त्वचा लाल होते. अशा रुग्णास प्रतिजैविक देऊन लाभ तर होत नाहीच, उलट खऱ्या रोगाचा उपचार लांबतो.

काही रुग्णांना हा त्रास वारंवार होतो. ब्रिटन व आयर्लंड येथे झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभर अल्प मात्रेत पेनिसिलिन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के रुग्णांना पुन्हा त्रास झाला, तर न घेणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. औषध थांबवल्यावर मात्र हा लाभ टिकला नाही. २०२० साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात पायाला कायमची सूज असलेल्या रुग्णांनी दाबपट्टे वापरले, तेव्हा पुनरावृत्ती ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली. आपल्याकडे पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागांत हत्तीरोगामुळे पाय सुजलेले अनेक रुग्ण आहेत. त्यांना वरचेवर येणारा ताप आणि पायाची आग हा बहुधा याच जंतूंचा हल्ला असतो. रोज साबणाने पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे, चिखल्यांवर बुरशीनाशक मलम लावणे आणि पाय उंच ठेवणे एवढ्यानेही हे झटके पुष्कळ कमी होतात.

जिवावर बेतणारा संसर्ग

स्नायूंच्या वेष्टनालगत वेगाने पसरून ऊतींना कुजवणाऱ्या संसर्गास नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. हा विरळा आहे, परंतु योग्य उपचार होऊनही यातील चार-पाच रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो, आणि विलंब झाल्यास हे प्रमाण झपाट्याने वाढते. याची आरंभीची खूण एकच, दिसते त्याच्या मानाने वेदना फार असतात. त्वचेवर किंचित लाली असते, पण रुग्ण कळवळत असतो. पुढे सूज लालीच्या पलीकडे जाते, त्वचा ताठर लागते, काळसर-जांभळे डाग व रक्ताळलेले फोड येतात, दाबल्यास कधी कुरकुर लागते. नंतर नसा मेल्यामुळे वेदना एकाएकी थांबतात. नातेवाइकांना तेव्हा हायसे वाटते, पण ती सुधारणा नसून धोक्याची परमावधी असते.

या संसर्गाचा एक प्रकार जननेंद्रिये व गुदद्वार यांच्या परिसरात होतो. मधुमेही पुरुषांत तो अधिक दिसतो. संकोचामुळे रुग्ण दोन-तीन दिवस घरातही सांगत नाही, आणि तेच दिवस निर्णायक असतात. या भागात वेदना, सूज वा दुर्गंधी असल्यास कोणताही संकोच न बाळगता त्याच दिवशी दाखवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

येथे निदान शस्त्रक्रियागृहातच पक्के होते. रक्ततपासण्या आणि सीटी स्कॅन यांची मदत होते, पण संशय बळकट असेल तर त्यांच्यासाठी थांबू नये. छेद घेतल्यावर निरोगी वेष्टन बोटाला दाद देत नाही. संसर्ग झालेले वेष्टन मात्र सहज सुटते व राखाडी, पाणचट द्रव बाहेर येतो. मेलेला सर्व भाग काढून टाकणे हाच उपचार असून, चोवीस तासांच्या आत पुन्हा जखम उघडून पाहावी लागते. त्याबरोबर अनेक जंतूंवर चालणारी औषधे शिरेतून दिली जातात. त्यांत क्लिंडामायसिन असते, कारण ते जंतूंचे विष तयार होणे रोखते. पुढे कित्येक दिवस मलमपट्टी आणि शेवटी त्वचारोपण असा हा दीर्घ प्रवास असतो. 'एवढीशी तर लाली आहे, मग इतके का कापता ?' हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. वर दिसते त्याहून आतील हानी फार दूरवर गेलेली असते, हे त्याचे उत्तर होय.

मधुमेही पाय : जेथे वेदना साथ देत नाही

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात. मग काटा रुतला, चपलेत खडा राहिला, गरम पाण्याच्या पिशवीने भाजले, इतकेच काय झोपेत उंदराने कुरतडले, तरी कळत नाही. वेदना हा शरीराचा पहारेकरी असतो, आणि येथे तो पहारेकरीच झोपलेला असतो. म्हणून 'दुखत नाही' हे मधुमेही माणसाने समाधानाचे कारण मानू नये.

अशा पायाची तपासणी करताना दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या तंतूने संवेदना पाहतात, घोट्याजवळची नाडी चाचपतात आणि जखमेत निर्जंतुक सळई घालून ती हाडाला टेकते काय, हे पाहतात. सळई हाडाला टेकली तर हाडातही संसर्ग असण्याची शक्यता फार वाढते. आरंभीच्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते, म्हणून त्यावर विसंबता येत नाही. उपचारात साखरेचे नियंत्रण, पुवाचा निचरा, मेलेला भाग काढणे, रक्तपुरवठा सुधारणे आणि जखमेवरचा भार काढून घेणे यांना औषधाइतकेच महत्त्व आहे. जखम आहे पण संसर्ग नाही, अशा वेळी प्रतिजैविक देऊ नये.

आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांत मधुमेही असतातच. अनवाणी चालण्यामागील श्रद्धेचा आम्हाला आदर आहे. तथापि बधिर पायांच्या वारकऱ्यांनी मऊ तळव्याचे पादत्राण घालावे आणि मुक्कामी रोज रात्री सोबत्याकडून तळवे पाहून घ्यावेत. पाय शाबूत राहिले तरच पुढच्या वर्षीची वारी घडेल.

मुलांच्या पुळ्या आणि मूत्रपिंड

लहान मुलांच्या नाकाजवळ, ओठांभोवती व हातापायांवर पातळ पू भरलेल्या पुळ्या येऊन मधासारख्या खपल्या धरतात. हा संसर्ग खेळताना एकाचा दुसऱ्याला होतो, आणि पुष्कळदा त्याच्या मुळाशी खरूज असते. खरजेचा उपचार घरातील सर्वांनी एकाच वेळी केला नाही तर पुळ्या परत येतात. स्ट्रेप्टोकोकसमुळे आलेल्या पुळ्यांनंतर सुमारे तीन ते सहा आठवड्यांनी काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येते. पुळ्या आलेल्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी लालसर झाली तर ताबडतोब दाखवावे. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात, मात्र रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

प्रतिजैविके : अमोल, म्हणून जपून

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे चेहऱ्याच्या भयंकर जंतुसंसर्गाने आजारी असलेल्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन देण्यात आले. त्याची प्रकृती विलक्षण सुधारली. परंतु औषधाचा साठा अत्यल्प होता. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून ते पुन्हा टोचण्यात आले, तरी काही दिवसांत साठा संपला आणि मार्चमध्ये तो मरण पावला. एके काळी औषध नव्हते म्हणून माणसे गेली. आज औषधे आहेत, पण ती निष्प्रभ होत आहेत. १९४० च्या दशकातच पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस दिसू लागले. त्यांच्यासाठी मेथिसिलिन आले, तर १९६१ साली त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये नोंदले गेले. एमआरएसए या नावाने ते आज जगभर, आपल्या रुग्णालयांतही, आढळतात. त्यांच्यावर नेहमीची सेफॅलेक्सिनसारखी औषधे चालत नाहीत. तपासणी पाहून को-ट्रायमोक्सझोल, डॉक्सिसायक्लिन, क्लिंडामायसिन आणि गंभीर रुग्णांत व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड वापरावे लागते.

यास्तव शक्य तेथे औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी पुवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. जंतूची ओळख व त्यावर चालणारी औषधे कळण्यास दोन ते तीन दिवस लागतात. तोवर अनुभवाने निवडलेले औषध दिले जाते आणि अहवाल आल्यावर ते बदलून शक्य तितके साधे केले जाते. औषधांच्या दुकानातून दोन गोळ्या घेणे, बरे वाटताच थांबवणे, शेजाऱ्याची उरलेली गोळी खाणे या सवयींनी जंतू सरावतात. अनेक प्रबळ प्रतिजैविके मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. हा नियम रुग्णाच्या हिताचाच आहे. स्टिरॉइड मिसळलेली मलमेही स्वतःहून लावू नयेत. त्यांनी लाली तात्पुरती दबते, पण संसर्ग आत वाढत राहतो.

घरी काय करावे, केव्हा यावे

लहान जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावी. शेण, माती, तंबाखू, चुना किंवा टूथपेस्ट लावू नये. शेणा-मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून धनुर्वाताची लस घेतलेली असावी. गळवाला गरम पाण्याचा शेक देण्यास हरकत नाही, मात्र मधुमेही माणसाच्या बधिर पायाला शेक देऊ नये. एकाच्या अंगाला वारंवार गळवे होत असल्यास टॉवेल, वस्तरा व कपडे वेगळे ठेवावेत. पावसाळ्यात घरी परतताच पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहू नये :

१) दिसणाऱ्या लालीच्या मानाने असह्य वेदना, किंवा तीव्र वेदना एकाएकी थांबून त्वचा बधिर होणे.
२) लाली किंवा सूज काही तासांत झपाट्याने पसरणे.
३) त्वचेवर काळे-जांभळे डाग, रक्ताळलेले फोड, दुर्गंधी किंवा दाबल्यावर कुरकुर.
४) तापासोबत थंडी, धाप, ग्लानी, बडबड किंवा लघवी कमी होणे.
५) डोळ्याभोवती सूज येऊन डोळा दुखणे, दिसणे कमी होणे किंवा डोळा बाहेर आल्यासारखा वाटणे.
६) मधुमेही व्यक्तीच्या पायावर कोणतीही नवी जखम, फोड वा रंगबदल, दुखत नसले तरी.
७) जननेंद्रियांच्या परिसरात वेदना व सूज.

समारोप

या रोगांत उशिरा येण्याचे एक ठराविक रूप आम्हाला दिसते. पहिले दोन दिवस लेप आणि पोटीस, पुढचे दोन दिवस दुकानातील गोळ्या, मग गावात सलाईन, आणि शेवटी उसनवारी करून शहराची वाट. पहिल्या दिवशी जे बाह्यरुग्ण विभागातील लहानशा छेदाने भागले असते, त्यासाठी सातव्या दिवशी अतिदक्षता विभाग, अनेक शस्त्रक्रिया, कधी पायाचा त्याग, आणि कमावत्या माणसाच्या कुटुंबाची परवड पदरी येते. या उशिरामागे अज्ञानापेक्षा खर्चाची धास्ती अधिक असते. म्हणून येथे नमूद करतो की, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, या कायद्याखाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवलेल्या असतात. नातेवाइकांनी दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकांस भेटावे. तातडीच्या रुग्णाने कागदपत्रांसाठी घरी थांबू नये.

देणगीदारांस एवढेच निवेदन आहे की, या कामातील सर्वांत उपयुक्त दान दिसायला फार लहान असते. स्वच्छ मलमपट्टीची खोली, पुवाच्या तपासणीची प्रयोगशाळा, मऊ तळव्याच्या चपला, दहा ग्रॅमचा नायलॉनचा तंतू आणि गावोगावी पाय तपासणारी प्रशिक्षित परिचारिका यांवर कोनशिला बसत नाहीत. परंतु त्यांच्यामुळे माणसे आपल्या दोन पायांवर चालत घरी जातात. आपल्या साहाय्याचे हे फळ अहवालाच्या आकड्यांत दिसत नसले, तरी आम्ही ते रोज पाहतो.